मिरजेचे दोन तंबोरे: हौशी मंडळाच्या सामाईक वापरातून

हौशी गायकांच्या मंडळाने वर्गणी काढून तंबोरे घ्यावेत, की मोबाइलवरच्या तंबोऱ्यावरच भागवावे, हा प्रश्न आमच्या पुण्यातील मंडळात बरेच दिवस रेंगाळत होता. अखेर मिरजेच्या एका कारागिराकडून आम्ही एक मर्दानी (पुरुषांच्या आवाजाचा) आणि एक जनानी (स्त्रियांच्या आवाजाचा) असे दोन तंबोरे करवून घेतले, आणि काही उन्हाळे-पावसाळे ते सर्वांच्या वापरात राहिल्यानंतर हे परीक्षण लिहीत आहे. एखाद्या गायिकेने केवळ स्वतःसाठी घेतलेला तंबोरा आणि दहा-बारा जणांनी मिळून वापरायचा तंबोरा यांचे गुणदोष एकाच मापाने मोजता येत नाहीत. इथे जे लिहिले आहे ते दुसऱ्या प्रकारच्या वापराला धरून आहे.

मंडळाचे स्वरूप थोडक्यात सांगायला हवे. आमच्यात बँकेतून निवृत्त झालेले आहेत, शिक्षिका आहेत, दंतवैद्य आहेत, संगणकावर दिवस काढणारे तरुण आहेत. महिन्यातून एकदा कुणाच्या तरी घरी बैठक होते. कुणी ख्याल गाते, कुणी नाट्यपदे, कुणाचा जीव अभंगात रमतो, आणि एकजण गिटार घेऊन येतो व यमन वाजवण्याची खटपट करतो. वाद्ये आमच्यात फिरती आहेत. एकाची पेटी, दुसऱ्याचा तबला-डग्गा, तिसरीच्या माहेरून आलेले स्वरमंडळ, असे ज्याचे त्याच्याकडे असते आणि गरज पडेल तसे इकडून तिकडे जाते. फक्त तंबोरा कुणाकडेच धड अवस्थेत नव्हता, आणि म्हणून तो सामाईक घ्यावा असे ठरले.

मिरजेचे नाव या बाबतीत आपोआपच पुढे येते. तेथील शिकलगार घराण्यांचा मूळ धंदा शस्त्रांना धार लावण्याचा. एकोणिसाव्या शतकात त्यांनी सतार-तंबोऱ्याच्या कामात हात घातला, फरीदसाहेबांचे नाव या परंपरेच्या आरंभी घेतले जाते, आणि संस्थानिक पटवर्धनांच्या आश्रयामुळे व गावात वावरणाऱ्या गायक-वादकांमुळे हा व्यवसाय तिथे रुजला. पुढे अब्दुल करीम खाँसाहेब मिरजेत राहिले. वाद्यांच्या दुरुस्तीची त्यांना स्वतःला जाण होती, त्यामुळे कारागिरांना ऐकणारा कान गावातच मिळाला. १९३७ साली ते निवर्तले, आणि मीरासाहेबांच्या दर्ग्याच्या आवारात त्यांच्या स्मरणार्थ होणारी संगीतसभा आजही कलावंतांना मानाची वाटते. २०२४ साली मिरजेच्या सतारीला आणि तंबोऱ्याला भौगोलिक मानांकन मिळाले, ही बातमी बहुतेकांनी वाचली असेल. ग्राहकाच्या दृष्टीने या मानांकनाचा अर्थ एवढाच, की वाद्य कुठल्या परंपरेतले आहे याची खात्री पटते. जवारी (तारेतून उमटणारी गुंजती आस) चांगली लागली आहे की नाही याची हमी कुठलाही शिक्का देऊ शकत नाही, ती कानानेच घ्यावी लागते.

सतारमेकर गल्लीतील दुकानात शिरल्यावर आम्ही नक्षीकडे पाहत होतो. कारागिराला मात्र भलतीच माहिती हवी होती. "ताई, पट्टी कुठली तुमची?" हा त्यांचा पहिला प्रश्न. पट्टी म्हणजे गाणाऱ्याचा षड्ज ज्या स्वरावर असतो ती. तंबोरा मंडळासाठी हवा आहे आणि गाणारे अनेक आहेत असे सांगितल्यावर त्यांनी हातातले काम खाली ठेवले आणि म्हणाले, "मग आधी सगळ्यांच्या पट्ट्या लिहून आणा. सगळ्यांना चालेल असा तंबोरा कुणीच करून देत नाही." विक्रेता म्हणून गिऱ्हाइकाला परत पाठवणे त्यांच्या सोयीचे नव्हते, तरी त्यांनी ते केले, आणि या सगळ्या व्यवहारातला सर्वांत मोलाचा सल्ला तोच ठरला.

त्या सल्ल्यामागचे कारण नीट समजून घेण्यासारखे आहे, कारण सामाईक तंबोऱ्याचे बहुतेक सगळे यशापयश त्यावर अवलंबून असते. पेटीच्या पांढऱ्या-काळ्या पट्ट्यांच्या क्रमांकाने सांगायचे तर आमच्या पुरुष सदस्यांच्या पट्ट्या पांढरी एक ते काळी दोन या टप्प्यात पडतात, आणि स्त्रियांच्या पांढरी पाच ते काळी पाच या टप्प्यात. दोन्हीकडे अंतर तीन अर्धस्वरांचे आहे. कागदावर हे अंतर किरकोळ वाटते. परंतु तारेचा ताण कंपनसंख्येच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो, त्यामुळे एकच तार तीन अर्धस्वर चढवली की तिच्यावरचा ताण सुमारे ४१ टक्क्यांनी वाढतो. तबलीवरचा (भोपळ्यावरच्या लाकडी झाकणावरचा) भार वाढतो, तार घोडीवर, म्हणजे तबलीवरच्या तिच्या आधारावर, वेगळ्या तऱ्हेने टेकू लागते आणि एका पट्टीला मोकळी बोलणारी जवारी दुसऱ्या पट्टीला एकतर मिटते किंवा चरचरते. एक अर्धस्वर इकडेतिकडे केल्यास हा फरक सुमारे १२ टक्क्यांचा राहतो, आणि तारेखालचा सुती दोरा जरासा सरकवून तो सांभाळता येतो. म्हणून कारागिरांनी मर्दानी तंबोरा काळी एकला आणि जनानी तंबोरा काळी चारला जुळवून दिला, तारांची जाडीही त्याच हिशेबाने निवडली, आणि वर-खाली एका अर्धस्वरापलीकडे न्यायचा नाही अशी ताकीद दिली. ही ताकीद आम्ही पाळतो. काळी दोनला गाणारे आमचे एक ज्येष्ठ सदस्य पांढरी दोनवर उतरले आणि त्यांचा खर्ज सुधारला, असे निदान तरी ते सांगतात. काळी पाचला गाणाऱ्या सदस्येच्या वेळी मात्र आम्ही निमूटपणे इलेक्ट्रॉनिक तंबोरा लावतो.

इथे आणखी एक गोष्ट स्पष्ट करायला हवी. मैफलीत गायकाच्या मागे जी जोडी दिसते ते एकाच पट्टीचे दोन तंबोरे असतात. एकाची पहिली तार पंचमात आणि दुसऱ्याची गरजेनुसार निषादात किंवा मध्यमात लावलेली असते, आणि दोहोंचे नाद एकमेकांत मिसळून जी भरीव आस तयार होते ती एका तंबोऱ्यातून निघत नाही. मर्दानी आणि जनानी असे दोन तंबोरे घेतल्यावर हे सुख आपण सोडून देतो. आमच्या मंडळात स्त्री-पुरुष निम्मे निम्मे असल्याने आम्हाला दुसरा मार्ग नव्हता, परंतु ज्या मंडळात केवळ महिला आहेत, किंवा जिथे बहुतेकांच्या पट्ट्या जवळजवळ आहेत, त्यांनी एकाच पट्टीचे दोन घ्यावेत असे मी आग्रहाने सांगेन.

आता वाद्याविषयी. भोपळे नेहमीप्रमाणे पंढरपूर-मंगळवेढ्याच्या बाजूचे, भीमेच्या काठच्या शेतांतले. तबली आणि दांडी तुणीच्या लाकडाची. मर्दानी तंबोऱ्याचा भोपळा इतका मोठा आहे, की बसक्या बांध्याच्या माणसाला दांडीभोवती हात नेताना खांदा उचलावा लागतो. गळ्याशी भोपळा आणि दांडी यांचा सांधा लाकडी पानांच्या कोरीवकामाखाली झाकलेला आहे, आणि बोट फिरवले तरी कुठे कड लागत नाही. नक्षी आम्ही मुद्दाम साधी घेतली. चपड्याचे पॉलिश एकसारखे आहे, फक्त जनानी तंबोऱ्याच्या पाठीवर एका जागी ब्रशाचा ओघळ दिसतो. त्याची कुणी दखल घेतलेली नाही. कातीव नक्षीवर जास्तीचे पैसे घालवण्यापेक्षा ते घोडीवर घालावेत, हे इतर खरेदीदारांना सांगावेसे वाटते.

घोडीच्या बाबतीत आमच्या दोन वाद्यांत फरक आहे, आणि तो शेजारी शेजारी ऐकायला मिळतो हे सामाईक खरेदीचे एक अनपेक्षित सुख आहे. हस्तिदंताच्या व्यापारावर बंदी आल्यापासून कारागीर हाड, शिसवी-आबनुसासारखी कठीण लाकडे किंवा कृत्रिम पदार्थ वापरतात. आमच्या जनानी तंबोऱ्याच्या घोडीवर हाडाची पट्टी आहे, तर मर्दानी तंबोऱ्याची घोडी काळ्या लाकडाची आहे. हाडावरची जवारी अधिक खुली, धारदार आणि टिकाऊ. लाकडावरची गोल, थोडी दबकी, पण खर्जाला शोभणारी. लाकडावर तारेची खाच मात्र लवकर पडते. पहिल्या पावसाळ्यानंतरच जोडाच्या (षड्जाच्या मधल्या दोन) तारांखाली केसाएवढ्या दोन रेघा दिसू लागल्या आणि नाद किंचित बसला.

जवारी काढण्याचे काम जवळून पाहण्याची संधी मिळाली, तर कुठल्याही हौशी गायकाने ती सोडू नये. कारागीर घोडीची वरची बाजू बारीक कानशीने दोन-चारदा घासतात, तार परत चढवतात, छेडतात, कान तबलीशी नेतात, पुन्हा तार उतरवतात. घासलेली भुकटी बोटाला जेमतेम लागेल इतकी असते. घोडीचा माथा सपाट दिसला, तरी त्याला पुढच्या बाजूला किंचित उतार असतो. छेडलेली तार त्या उतारावर टेकत-सुटत राहते आणि तिच्यातून वरचे स्वर एकामागून एक उमलत जातात. तार आणि घोडी यांच्यामध्ये सरकवलेला सुती दोरा ही शेवटची किल्ली. तो तांदळाच्या दाण्याएवढाही पुढे-मागे झाला की नाद उघडतो किंवा मिटतो. तार ज्या बिंदूवर छेडली जाते तिथे ज्यांचा स्थिरबिंदू (न हलणारी जागा) आहे असे उपस्वर (मूळ स्वराच्या पटीतले वरचे स्वर) नियमाप्रमाणे उमटू नयेत. तंबोऱ्यात मात्र ते उमटतात, आणि त्याचे कारण ही रुंद, वक्र घोडी आहे, हे चंद्रशेखर व्यंकट रामन यांनी १९२१ साली दाखवून दिले होते. खर्जाच्या तारेतून ऐकू येणारा स्वयंभू गांधार हा तिचा पाचवा उपस्वर. आमच्या मर्दानी तंबोऱ्यात तो पहिल्याच दिवसापासून स्वच्छ ऐकू येत होता, आणि पेटीच्या गांधारापेक्षा तो उतरलेला आहे हे आमच्या पेटीवादक दंतवैद्यांच्या प्रथमच कानी आल्यावर त्यांनी बराच वेळ पेटीला हात लावला नाही.

इलेक्ट्रॉनिक तंबोऱ्याशी तुलना टाळता येणार नाही. बंगळुरूच्या राडेल कंपनीचे इलेक्ट्रॉनिक तंबोरे घराघरांत पोचले, आणि नंतर मोबाइलवरच्या अॅपांनी ती जागा घेतली, हे चांगलेच झाले असे माझे मत आहे. रात्री दहा वाजता, सदनिकेत, दार लावून रियाज करणाऱ्याला दुसरे साधन कोणते आहे? पट्टी हवी तशी बदलता येते, सूर ढळत नाही, पावसाळ्याची भीती नाही. परंतु एक मर्यादा आकड्यांतच दाखवता येते. काळी एकला गाणाऱ्याच्या तंबोऱ्यात खर्जाच्या तारेची मूळ कंपनसंख्या सेकंदाला सुमारे ६९ असते, आणि मोबाइलच्या इवल्याशा स्पीकरला तेवढ्या खाली पोचताच येत नाही. कानाला जाणवतात ते केवळ वरचे उपस्वर. जनानी पट्टीत हा आकडा सुमारे १०४ असला, तरी परिस्थिती फारशी बदलत नाही. बाहेरचा चांगला स्पीकर जोडला तर पुष्कळ फरक पडतो, हे प्रामाणिकपणे नोंदवले पाहिजे. मात्र बैठकीत तंबोरा छेडणाऱ्याला गाणाऱ्याच्या श्वासाबरोबर किंचित थांबता किंवा सरता येते, आणि जो त्या दिवशी गाणार नाही त्यालाही मांडी घालून सुरात बसण्याचे काम मिळते. आमच्या मंडळात गायला बुजणाऱ्या दोघीजणी या तंबोऱ्याच्या निमित्ताने बैठकीत येऊ लागल्या. अॅपने हे झाले नसते.

दोषांची यादी फार मोठी नाही, तरी ती आहे. जनानी तंबोऱ्याची पंचमाची खुंटी कोरड्या उन्हाळ्यात घसरते. खडू लावून काम भागते, पण नव्या वाद्याला हे करावे लागू नये. मर्दानी तंबोऱ्याच्या तारेत ओवलेल्या एका मण्याचे भोक थोडे सैल असल्याने बारीक सूर लावताना तो जागेवर ठरत नाही, आणि कारागिरांनी पाठवलेला दुसरा मणीही पहिल्याचाच भाऊ निघाला. सोबत मिळालेली गवसणी दिसायला ठीक असली, तरी तिला आतून पुरेसे अस्तर नाही. आम्ही पुण्यात जाड अस्तराची दुसरी शिवून घेतली. सांगितलेल्या मुदतीपेक्षा वाद्ये उशिरा हातात आली. हाताने होणाऱ्या कामात उशीर गृहीत धरावा लागतो हे खरे, पण विचारल्याशिवाय तो कळवला गेला नाही ही तक्रार राहते. गवसण्यांसकट दोन्ही वाद्ये साठ हजार रुपयांच्या थोडी आत बसली, आणि हातातल्या कामाकडे पाहता ही किंमत मला रास्त वाटते.

वाद्य चांगले असूनही सामाईक वापरात ते बिघडू शकते, म्हणून आमची व्यवस्थाही सांगतो. तंबोरे कुणाच्या घरी फिरते ठेवायचे नाहीत, असा निर्णय आम्ही सुरुवातीला घेतला. दोन्ही वाद्ये एकाच सदस्याच्या घरी, बाहेरची भिंत नसलेल्या खोलीत, उन्हापासून दूर असतात. जवारीच्या दोऱ्याला हात लावण्याची परवानगी फक्त दोघांना आहे. बाकीच्यांनी खुंटी आणि मणी यांवरच थांबायचे. ज्या दिवशी तंबोरा बाहेर जाईल त्या दिवशी वहीत पट्टी, पहिली तार कोणत्या स्वरात होती आणि काही बिघाड जाणवला का, एवढे लिहायचे. मारव्यासाठी कुणी निषाद लावला आणि तसाच परत ठेवला, तर पुढच्या भूपवाल्याची जी फजिती होते ती या वहीमुळे टळते. पावसाळ्यात तारा गंजू नयेत म्हणून वाजवून झाल्यावर कोरड्या सुती फडक्याने पुसाव्यात; वाद्य बराच काळ पडून राहणार असेल तर ताण थोडा उतरवावा, पण तारा पूर्ण सैल करू नयेत, नाहीतर घोडी जागेवरून सरकते. हे सगळे नियम कुणाला जाचक वाटतील. ज्या मंडळात ते पाळवून घेणारे एकही माणूस नाही, तिथे तंबोरे न घेतलेलेच बरे.

कारागिरांच्या दुरुस्तीच्या सेवेबद्दल मात्र मी हात न राखता चांगले लिहीन. आमच्या एका सदस्येच्या सासरी, सासूबाईंच्या विशारदच्या वर्षांतला एक तंबोरा कपाटावर कित्येक वर्षे गवसणीत पडून होता. भोपळ्याला तडा, दोन खुंट्या गायब, घोडी झिजून खड्ड्यांची झालेली, अशी त्याची दशा. नवा घेण्यासाठी तो देऊन टाकावा असे घरच्यांचे म्हणणे होते. कारागिरांनी तबलीवर बोटाच्या पेराने टकटक करून पाहिले, लाकूड उत्तम वाळले आहे, फेकू नका असे सांगितले, आणि तडा आतून कापडी पट्टी व सरसाने सांधून, नव्या खुंट्या बसवून, घोडी बदलून दिली. नव्या तंबोऱ्याच्या किमतीच्या एका हिश्शातच हे काम झाले. आज आमच्या तीन वाद्यांत आवाजाने तोच सर्वांत मोकळा आहे. जुने वाळलेले लाकूड नव्या लाकडापेक्षा सरस बोलते असे कारागीर म्हणतात, आणि इथे तरी त्याचा प्रत्यय येतो. तो काळी चारलाच लागत असल्याने आता स्त्रियांच्या बैठकीला खरी जोडीही मिळाली आहे.

हा अनुभव आधी आला असता तर आम्ही एकच नवा तंबोरा मागवला असता, असे मंडळात आता बोलले जाते, आणि ते मला पटते. मराठी घरांत गाणे शिकलेल्या आत्या-मावश्यांचे असे कितीतरी तंबोरे पडून आहेत. मंडळाने वर्गणी काढण्याआधी आपापल्या नातेवाइकांकडे विचारपूस करावी, मिळालेले वाद्य मिरजेला दाखवावे, आणि जी पट्टी त्यातून भागत नाही तेवढ्यापुरता नवा करवून घ्यावा. वाद्य दाखवायला नेताना जुन्या तारा उतरवू नयेत आणि झिजलेली घोडीही काढून टाकू नये. ती कुठल्या पट्टीला, कुठल्या ताणावर झिजली आहे हे त्या खाचांवरून कारागिराला कळते, आणि नवी घोडी बसवताना त्याला तेच हवे असते.